पाण्याचा सिनेमा

तिनं आयुष्यातले पहिले शंभरेक सिनेमे पाहिले ते फक्त शेवटाकडून. एकोणिसाव्या वर्षी ती एका थिएटरच्या तिकीटखिडकीवर कामाला लागली होती. खेळ सुरू झाला की खिडकी लावून घ्यायची, उरलेली तिकिटं मोजून कपाटात ठेवायची, दिवसाचा सगळा हिशेब लिहून काढायचा, उशिरा येऊन हुज्जत घालणाऱ्यांची समजूत काढायची, आणि मग मागच्या दारानं आत शिरून भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. तोवर पडद्यावर वीस-पंचवीस मिनिटं उरलेली असत. कोण कुणाचं काय लागतं याचा पत्ता नसताना तिला माणसं एकमेकांच्या गळ्यात पडताना दिसत, फलाटावर एकटी उरताना दिसत, जिना अर्धा चढून परत फिरताना दिसत. घरी चालत जाताना ती त्यांना सुरुवात जोडून देई. हा माणूस जिन्यावरून का परतला असेल? वर कोण राहत असेल? घर येईपर्यंत वरच्या खोलीतली बाई तयार झालेली असे, तिच्या खिडकीतला पडदासुद्धा.

पुढे सुट्टीच्या दिवशी तिनं त्यातले एक-दोन सिनेमे पहिल्यापासून पाहिले आणि ती खट्टू झाली. तिच्या सुरुवाती जास्त बऱ्या होत्या.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. ती कुणाला काही सांगतच नसे. घरात तिला घुमी म्हणत, आणि पुढे दिग्दर्शिका म्हणून चार ठिकाणी तिचं नाव छापून आलं तरी जवळच्यांच्या तोंडी घुमीच राहिलं. याउलट तिच्या आईच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की निजेपर्यंत थांबत नसे. आईचं म्हणणं असं, की पोरीच्या वाटणीचं बोलणंही मीच बोलून टाकलं, आता तिच्यासाठी उरणार काय?

थिएटर सोडून घुमी एका कंपनीत लागली. यंत्रं कशी वापरावीत हे दाखवणाऱ्या छोट्या फिल्म ती कंपनी बनवत असे. बॉयलर कसा पेटवावा, शिवणयंत्रात तेल कुठे घालावं, आग लागल्यावर भिंतीवरचं नळकांडं कसं काढावं. तिथे तिला मास्तर भेटला. मास्तर हा कंपनीचा संकलक, म्हणजे चित्रित झालेल्या तुकड्यांतले नको ते कापून हवे ते जोडणारा. तो कुठल्याही शाळेत शिकवत नव्हता, पण चूक दिसली की पेन्सिल टेबलावर आपटत असे, म्हणून मास्तर. तिच्याहून सात वर्षांनी मोठा, बोलका, चिडका आणि कानाचा फार तिखट. नुसत्या आवाजावरून यंत्राचा कुठला नट सैल आहे ते सांगे. तिनं चित्रित केलेली बॉयलरची फिल्म पाहून तो म्हणाला, की बॉयलर पेटवणाऱ्या माणसाचा हात तू नको इतका वेळ दाखवलायस. मग थोडं थांबून म्हणाला, की पण तो कापवत नाही. सहा महिन्यांनी त्यांनी लग्न केलं.

तिचा पहिला सिनेमा एकतिसाव्या वर्षी झाला. एका जुन्या कचेरीतल्या लिफ्टमनचा सबंध दिवस, बस एवढंच. लिफ्टच्या खोक्यात कॅमेरामन, ती आणि लिफ्टमन एवढीच माणसं मावत, म्हणून साउंडवाला माइक घेऊन जिन्यानं वर-खाली पळे आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा दम लागलेला ऐकू येई. घरात त्याला लिफ्टचा सिनेमा म्हणत. तो गावात आठवडाभर चालला, परदेशात दोन-तीन ठिकाणी फिरला, आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की या बाईला गप्प राहता येतं.

ते वाचून एका मोठ्या निर्मात्यानं तिला बोलावलं. आपल्याला कसला सिनेमा हवा आहे हे तो पाऊण तास सांगत होता आणि ती ऐकत होती. शेवटी, तुमचं काय मत, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या लिफ्टमधला आरसा काढून टाका. मग माणसं एकमेकांकडे बघतील." त्यानं परत बोलावलं नाही. मास्तरनं कपाळावर हात मारून घेतला आणि नंतर दोन दिवस आठवून आठवून हसत होता.

दुसरा सिनेमा अर्ध्यावर असताना त्यांचा संसार मोडला. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. भांडण असं झालंच नाही. मास्तर एकदा म्हणाला, की भिंतीशी बोललो तरी निदान घुमून आवाज परत येतो, आणि ती त्यावरही काही बोलली नाही. कागदांवर सह्या झाल्या तो शुक्रवार होता. सोमवारी सकाळी ती नेहमीसारखी संकलनाच्या खोलीत आली, खुर्ची ओढून बसली, आणि मास्तरनं विचारलं, "कुठे होतो आपण?" सिनेमा पुरा व्हायचा होता. तो झाला. मग तिसरा झाला, मग चौथा. नवराबायको म्हणून अकरा वर्षं काढलेली ती दोघं पुढे बावीस वर्षं एका टेबलापाशी बसत राहिली. लेक म्हणे, माझ्या आईबाबांचा घटस्फोट जगात सगळ्यांत जास्त टिकलाय.

संकलनाची खोली फुलांच्या एका गोदामावर, तिसऱ्या मजल्यावर होती. खाली दिवसभर ओल्या टोपल्या उतरत आणि त्यांचा वास जिन्यानं वर येऊन पडद्यांत मुरून बसे. बाहेर भर दुपार असली तरी आत काळे पडदे ओढलेले, आणि त्या मऊ अंधारात मॉनिटरच्या उजेडानं दोघांचे चेहरे निळसर. घुमीला वाटे, आपण जागेपणी जे काही नीट पाहिलं ते या खोलीतच. बाहेर फक्त गोळा करायचं.

पाचव्या सिनेमाची सुरुवात आईच्या गुडघ्यांपासून झाली. आई एकोणऐंशी वर्षांची. डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं. लेक तोवर मोठी होऊन शहरातल्या बंदिस्त जलतरण तलावावर पोहायला शिकवत होती. तिनं आजीला मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी, सात म्हाताऱ्यांच्या गटात घेतलं. जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात न उतरलेली आई रबरी टोपी घालून पायऱ्यांच्या कठड्याला घट्ट धरून उभी राहिली, तेव्हा घुमी तिला सोडायला म्हणून आली होती. छताला काच होती. तिच्यातून सकाळ खाली झिरपत होती, पाण्यावरून उसळून पुन्हा छतावर जात होती, आणि वर एक दुसराच तलाव हलत होता. सगळे आवाज एखाद्या मोठ्या भांड्यात बोलल्यासारखे पोकळ. पुढच्या खेपेला घुमी कॅमेरा घेऊन आली.

बायकांची वेळ असल्यानं ती एकटीच चित्रण करी. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, पायांत रबरी चपला. बाहेरून थंड आलेल्या भिंगावर पहिली वीस मिनिटं वाफ धरे, त्यामुळे रोजचं चित्रण धुक्यातच सुरू होई. आधी नुसते रंग, मग टोप्यांचे ठिपके, मग हळूहळू माणसं. लेक पाण्यात उभी राहून आजीच्या मानेखाली तळहात धरी आणि म्हणे, की पाण्याशी भांडू नकोस, डोकं सोड. आई म्हणे, की एवढी वर्षं सांभाळलेलं डोकं असं कसं सोडू? बाकी सहा जणी हसून हसून पाणी प्यायच्या. असं दोन वर्षं चाललं.

त्याच दोन वर्षांत मास्तरचे डोळे गेले. काचबिंदू होता. तो आधी कडा खातो. समोरचं लख्ख दिसत राहतं आणि बाजूचं गुपचूप नाहीसं होत जातं, म्हणून माणसाला स्वतःलाच उशिरा कळतं. मास्तरला कळलं होतं, त्यानं लपवलं. पक्ष्यासारखी मान वळवून वळवून तो पडदा बघू लागला, तेव्हा मान आखडली असं सांगितलं. एकदा कंपनीसाठी केलेल्या आग विझवण्याच्या फिल्ममध्ये त्यानं एक शॉट ठेवला, त्यात डाव्या कडेनं एक माणूस चहाचा कप घेऊन आत येऊन चपापून परत जात होता. घुमीनं तो माणूस पाहिला, मास्तरकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी तिनं लेकीला बरोबर घेऊन त्याला डॉक्टरकडे नेलं. औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवू, असं डॉक्टर म्हणाले, आणि उरलेलंही टिकलं नाही. शेवटी त्याला उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच समजे.

पाण्याच्या सिनेमाचं एकशे चाळीस तासांचं चित्रण तोवर जमलं होतं. दुसरा संकलक बघ, असं मास्तरनं सांगून टाकलं. चार नावंही सुचवली. घुमी त्यातल्या कुणाकडे गेली नाही. महिन्याभरानं ती त्याच्या घरी गेली, त्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी सांगते. तुम्ही कापा."

"तू सांगणार?" मास्तर म्हणाला. त्याला मनापासून हसू आलं होतं.

यंत्राच्या कळा त्याच्या बोटांना पाठ होत्या, तो भाग सोपा होता. अवघड भाग तिचा. पहिल्या सकाळी तिनं पहिला शॉट लावला आणि म्हणाली, "आई आहे. पाणी आहे." मास्तर वाट बघत राहिला. मग त्यानं विचारलं की हा सिनेमा आहे का बाजारात न्यायची यादी? उजेड कुठून येतोय? हात कुठे आहेत? दोन्ही? ती बघतेय कुणाकडे? तुला कसं कळलं की ती तिकडे बघतेय? घुमी एकेका प्रश्नाला अडखळत होती. दुपारपर्यंत तिचा घसा बसला आणि चार शॉट झाले.

पण दिवसामागून दिवस गेले तशी तिची जीभ सुटत गेली. पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं हे तिला बोलता बोलता कळलं. सकाळी सातचं पाणी पाटीसारखं असतं आणि आईचा पाय त्यावर पहिली रेघ ओढतो. साडेसातला सातही जणींच्या टोप्या एका ओळीत येतात, मग ओळ तुटते, कारण टोकाची बाई, जी पूर्वी न्यायाधीश होती, ती कधीच रांगेत राहत नाही. आईचे केस टोपीतून निसटून मानेवर चिकटलेत, आणि ती तोंडानं अखंड बोलतेय पण डोळे मात्र छतावरच्या दुसऱ्या तलावात गेलेत. तिथे कुणी पोहत नाहीये. मास्तर डोळे मिटून ऐके. मिटायची गरज नव्हती, सवय होती. मधेच हात वर करून म्हणे, "थांब. इथे कट." ती पडद्यावर बघे आणि तिथेच, अगदी त्याच श्वासाला कट हवा असे. काळ्या पडद्यांआड, फुलांच्या वासात, तिच्या आवाजावर तरंगत सिनेमा हळूहळू आकार घेऊ लागला. वाफेचे शॉट ती टाकून देणार होती. त्यानं सगळे ठेवायला लावले. म्हणाला, "हे मला दिसतात."

संसाराच्या अकरा वर्षांत ती त्याच्याशी जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या सात महिन्यांत बोलली.

भांडण झालं ते आईच्या तरंगण्याच्या शॉटवरून. दोन वर्षांच्या खटपटीनंतर एका गुरुवारी लेकीनं मानेखालचा हात काढून घेतला, मागे सरकली, आणि आई पाण्यावर एकटी राहिली. हात पसरलेले, चेहरा छताकडे, डोळे मिटलेले, आणि तोंड, कधी नव्हे ते, बंद. लेक चौकटीबाहेर गेलेली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. घुमीनं तो शॉट सिनेमाच्या शेवटासाठी राखून ठेवला होता.

तिनं त्याचं वर्णन केलं. मास्तरनं ऐकलं, हेडफोन कानाला दाबून पुन्हा ऐकलं, आणि म्हणाला की दुसऱ्या मिनिटानंतर कुणीतरी हाक मारतंय.

"तो आवाज काढायचाय," घुमी म्हणाली. "तिथे नुसतं पाणी ठेवू."

"कुणाचा आवाज आहे?"

"माझा."

आवाज स्पष्ट होता. कॅमेऱ्यामागून, दबक्या, लहान मुलीसारख्या आवाजात दोन अक्षरं. आई. त्याला उत्तर नव्हतं. पुढे पाण्याची डुबडुब.

मास्तर म्हणाला की हा काढलास तर शॉट मेला. ती म्हणाली की मी माझ्या सिनेमात नसते. त्यावर त्यानं पेन्सिल आपटली. "चार सिनेमे झाले, घुमे. एकातही तू नाहीस. ह्यात चुकून अर्धा सेकंद आलीस, तर स्वतःलाच हाकलायला निघालीस?"

"तुम्हाला चित्र दिसत नाही, मास्तर," ती म्हणाली. "दिसलं असतं तर असं म्हणाला नसता."

ती बोलून गेली. खाली कुणीतरी टोपल्या आदळत होतं. मास्तरनं हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले, वायरची गुंडाळी केली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

ती उठून गेली. अकरा दिवस फिरकली नाही. त्या दिवसांत ती शहरभर नुसती चालत होती. पुलांवरून, शाळांच्या मधल्या सुट्टीच्या गोंगाटातून, बंद दुकानांच्या काचांसमोरून. सगळं तिच्या डोळ्यांसमोरून कापडासारखं सरकत होतं, आणि आतल्या आत ती ते कुणाला तरी सांगत होती. निळं फाटक. त्यावर हात ठेवून उभा असलेला माणूस. त्याला आत जायचंय की नाही, ठरत नाहीये. सांगून झालं की ऐकणारा तिथे नाही हे तिच्या ध्यानात येई, आणि ती मान खाली घालून पुढे चालू लागे.

नवव्या दिवशी ती आईकडे गेली. आई खिडकीशी खुर्चीत बसून गुडघ्यांचे व्यायाम करत होती आणि शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. घुमीनं मधेच तिला तोडलं. तरंगायच्या त्या दिवसाबद्दल विचारलं.

"मी हाक मारली होती तेव्हा."

"मारलीस की."

"तुला ऐकू आली?" घुमीला खरंच नवल वाटलं. "तुझे कान पाण्यात होते."

"आली ना. लांबून आली, भिंतीपलीकडून यावी तशी. पण ओ दिली असती तर बुडाले असते." आईनं पाय खाली घेतला, दुसरा वर केला. "बोलू नकोस, छाती भरलेली ठेव म्हणाली होती ना पोरगी. म्हणून ठेवली. आणि खरं सांगू का, तू हाक कधी मारतेस? म्हटलं, आणखी एकदा येते का बघू."

घुमी खाली बघत होती. मग तिनं जे कधीच कुणाला सांगितलं नसतं ते सांगितलं. "मला वाटलं, तू गेलीस."

"अगं बाई," आई म्हणाली, आणि चक्क थोडी थांबली. "मग कॅमेरा नाही टाकलास तो?"

हाच तो प्रश्न होता. अकरा महिने घुमी तो स्वतःपासून लपवत होती. आई गेली असं वाटल्यावरही तिनं डोळा भिंगापासून हलवला नव्हता. हाक मारली होती, आणि चौकट सांभाळली होती. ती हाक सिनेमात राहिली असती तर हे सगळ्या जगाला ऐकू गेलं असतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं खुर्चीतून वाकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं नाही टाकलास," ती म्हणाली. "टाकला असतास तर मला पुन्हा तरंगायला लावलं असतंस." आणि शेजारणीच्या सुनेची गोष्ट जिथे तुटली होती तिथून पुढे सुरू झाली.

आणखी दोन दिवस घुमीनं धीर गोळा केला. मग ती जिना चढून वर गेली. मास्तर खोलीत होता. रोज येत होता, तिला नंतर कळलं. ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. आईचं म्हणणं, आईचा प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं उत्तर. आपण त्या दिवशी काय बोललो तेही तिनं पुन्हा उच्चारलं आणि ते बोलायला नको होतं असं म्हणाली. आधीचे सात महिने तिनं पडद्यावरचं सांगितलं होतं. हे पडद्यावर नव्हतं.

मास्तर म्हणाला, "मला पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं."

"काय?"

"तुझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याची कडी. हाकेनंतर ती वाजायला लागते आणि शॉट संपेपर्यंत वाजत राहते. फार बारीक. हात थरथरत असल्याशिवाय ती वाजत नाही." त्यानं हेडफोन तिच्याकडे सरकवले. "तू उभी होतीस एवढंच तू बघितलंस. कडी ऐकलीच नाहीस."

तिनं हेडफोन घातले. पाणी डुबडुबत होतं. आई, अशी हाक आली. मग खूप मागे, एखाद्या किड्यासारखं, काहीतरी किणकिणायला लागलं आणि थांबेना. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. काढून ठेवले तेव्हा मास्तर कळांवर बोटं ठेवून तयार बसला होता.

सिनेमा दीड महिन्यानं पुरा झाला. पहिला खेळ एका शाळेच्या सभागृहात, रविवारी सकाळी अकरा वाजता ठेवला. पहिल्या रांगेत सहा जणी बसल्या होत्या; न्यायाधीश बाई अर्थातच दुसऱ्या रांगेत. मागे लेक, लेकीचे तलावावरचे सहकारी, लिफ्टच्या सिनेमाचा म्हातारा साउंडवाला, काही ओळखीचे, बरेच अनोळखी. मास्तर आणि घुमी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. पडद्यावर वाफ आली आणि लोकांनी चुळबुळ थांबवली. मग ठिपके, मग टोप्या, मग पाणी. हसायच्या जागी लोक हसले. आई स्वतःला बघून आधी शेजारणीच्या कानात काय काय सांगत होती, मग तीही गप्प झाली.

शेवटचा शॉट आला. आई पाण्यावर एकटी, वर काचेतून उतरलेली सकाळ. सभागृहात पंख्यांचासुद्धा आवाज वेगळा ऐकू यावा इतकं शांत. हाक आली. आई.

"ओ," पहिल्या रांगेतून आई म्हणाली.

जोरात नव्हे, घरातल्या घरात देतात तशी. दोन-चार जण हसले आणि लगेच थांबले. घुमी जागच्या जागी गोठली होती. शेजारी मास्तरचे खांदे हलत होते, तो हसतोय की काय हे तिला कळेना, आणि तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पडद्यावर आई तरंगत होती. उरलेला सगळा वेळ ती तरंगतच राहिली.

तो सिनेमा तिच्या बाकीच्या चारांपेक्षा जास्त फिरला. कुठल्या कुठल्या गावांत दाखवला गेला, एका ठिकाणी बक्षीसही मिळालं, जाड काचेचं काहीतरी, ते आईनं दार लागू नये म्हणून दाराला लावून ठेवलं. तलावावर म्हाताऱ्यांची इतकी गर्दी झाली की लेकीला आणखी दोन गट काढावे लागले. आता हात पसरायला जागा राहिली नाही, सगळा सिनेमाचा प्रताप, अशी तक्रार आई ज्याला त्याला करत असे, आणि करताना तिचा चेहरा फुललेला असे. त्र्याऐंशीव्या वर्षीसुद्धा ती मंगळवार चुकवत नव्हती.

मास्तरनं काम थांबवलं. पाण्याच्या सिनेमानंतर आणखी काही कापावंसं वाटत नाही म्हणाला, आणि त्यात दुःख नव्हतं. तो लेकीकडे राहायला गेला. पुरुषांच्या वेळेत तोही पाण्यात चालायला लागला. पाण्यात धडपडायला काही नसतं, हे त्याला भलतंच आवडलं. कधी रविवारी घुमी तिथे जेवायला जाई. बोलणं होई, कधी नसेही होत.

साठी ओलांडल्यावर तिनं सहावा सिनेमा सुरू केला. पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या एका बाईच्या दुकानावर. नवी संकलक चाळिशीची, दोन मुलांची आई, कामाला चोख, डोळ्यांनी तल्लख. पहिल्या दिवशी शॉट लागला आणि घुमी आपोआप सांगायला लागली, की उजेड उजवीकडून येतोय, स्टुलावर एक बाई आहे, तिनं पर्स पायाशी ठेवलीय.

"बाई, मला दिसतंय," संकलक अदबीनं म्हणाली.

"दिसू दे," घुमी म्हणाली, आणि पुढे सांगत राहिली. फोटो काढणारी तिला हनुवटी जरा वर घ्यायला सांगतेय. बाई वर घेते. मागचा पांढरा पडदा पंख्यानं फुगतोय आणि बसतोय. बाईनं केस कानामागे सारले, ओठ मिटले, पुन्हा उघडले. कसं दिसायचं ते अजून तिचं ठरत नाहीये.

संकलकनं कळांवरची बोटं उचलली आणि ती ऐकू लागली.